शेपूट नसलेला वस्तरा

लहू धुरीला मी चाळीस वर्षं ओळखतो आणि त्यातली निदान तीस वर्षं मी त्याच्यावर वैतागलेला आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत आम्ही एकाच कंपनीत होतो. तो टूलरूममध्ये ग्राइंडर, मी स्टोअरमध्ये. पुढे कंपनी बंद पडली, तिच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, आता तिथे पोरंपोरी गळ्यात पट्टे अडकवून कॉफी पितात. आम्ही दोघं मात्र मुलुंड पूर्वेला एकाच सोसायटीत समोरासमोरच्या दारांत येऊन पडलो. म्हणजे सुटका नाहीच.

लहूचा उद्योग असा, की तो वस्तऱ्यांची वयं सांगतो. हल्ली सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालून वापरतात ते वस्तरे नव्हेत. जुने, एकसंध पोलादी पात्याचे, मुठीत घडी होणारे, दगडावर लावून चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचे वस्तरे. कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत असा एखादा सापडला की कुणीतरी कुणालातरी सांगतं आणि तो माणूस रुमालात वस्तरा गुंडाळून मुलुंडला येतो. बोरिवलीहून येतात, गोवंडीहून येतात, एकदा नाशिकहून एक दातांचे डॉक्टर आले होते. लहू सगळ्यांना चहा देतो, वस्तरा बघतो, वय सांगतो. बदल्यात काही घेत नाही. बहुतेक लोक चहा अर्धा टाकून जातात.

कारण त्यांना वय नको असतं. वस्तऱ्याबरोबर ते एक गोष्ट घेऊन आलेले असतात आणि लहूने तिच्यावर फक्त मान डोलवावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. अमुक आजोबांनी तमुक सरदाराची दाढी केली, किंवा गोऱ्या साहेबाने पणजोबांना खूश होऊन दिला. आपल्याकडे गोरे साहेब एवढे वस्तरे वाटत फिरले असतील तर ते स्वतः दाढ्या कशाने करायचे, हा मला पडलेला प्रश्न आहे. पण मी तो मनात ठेवतो. लहू ठेवत नाही.

त्याची पद्धत ठरलेली. आधी तो वस्तऱ्याची शेपूट बघतो. पातं मुठीला जिथे खिळ्याने जोडलेलं असतं, त्याच्या मागे पोलादाचा एक बाक बाहेर आलेला असतो, दाढी करताना त्यावर करंगळी टेकते. ती शेपूट. लांब, वर वळलेली असली तर वस्तरा अलीकडचा. मग पात्याचं पोट. पाचरीसारखं भरीव पोट असेल तर जुनं, दोन्हीकडून खोलगट घासून कागदासारखं केलेलं असेल तर दीडशे वर्षांच्या आतलं. मग शिक्का. त्यावर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असं देशाचं नाव दिसलं की लहूचा चेहरा पडतो. अठराशे नव्वदच्या सुमाराला अमेरिकेने कायदा केला, बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव पाहिजे म्हणून, आणि तेव्हापासून कारखानदार नावं ठोकायला लागले. शेवटी तो मूठ सदऱ्यावर खसाखसा घासून गरम करतो आणि नाकाला लावतो. कापराचा वास आला तर ते हस्तिदंत नाही, सेल्युलॉइड नावाचं जुनं प्लॅस्टिक आहे. हे सगळं तो समोरच्या माणसाकडे एकदाही न बघता करतो आणि मग सांगतो, एकोणीसशे पंचवीस ते तीस. पेशवाई बुडून तेव्हा शंभर वर्षं उलटून गेलेली असतात.

हे तो शिकला कसा? कंपनीत भंगाराच्या पेटीत त्याला एक वस्तरा मिळाला होता. दुसऱ्या कुणी घरी नेऊन पेन्सिलीला टोक केलं असतं. याने पोलाद कुठलं ते कळावं म्हणून त्याच्या शेपटीचं टोक ग्राइंडिंगच्या चाकाला लावून ठिणग्या बघितल्या आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तो त्या ठिणग्यांबद्दलच बोलत होता. पुढे रद्दीवाल्याकडून चाकूकात्र्यांच्या कारखान्यांचे जुने इंग्रजी कॅटलॉग आणले. इंग्रजी बेताचं, म्हणून मुलीला, दीप्तीला, शेजारी बसवून ओळीओळीने वाचून घेतले. पोरगी दहावीला इंग्रजीत पहिली आली. ‘बोथट’, ‘धार’, ‘मुलामा’ यांना इंग्रजीत काय म्हणतात, हे तिच्या बाईंनाही माहीत नव्हतं.

लहूला खोटं बोलता येत नाही असं नाही. सोसायटीच्या मीटिंगला न येण्यासाठी त्याने आजवर किमान सहा वेळा पोट बिघडवलेलं आहे. पण वस्तऱ्याच्या बाबतीत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला कणकवलीला गेला, तेव्हा सासऱ्यांनी मोठ्या हौसेने ट्रंकेतून वस्तरा काढला. त्यांच्या आजोबांना रत्नागिरीच्या कलेक्टरसाहेबाने दिलेला. सगळी भावकी पडवीत बसलेली. लहूने पातं उघडलं, त्यावरचा ‘स्टेनलेस’ हा शब्द वाचला आणि सांगून टाकलं, की हे पोलादच मुळी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निघालं आणि हा वस्तरा तर त्यानंतरचाही, म्हणजे मामा, तुमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. सासरे त्या रात्री जेवले नाहीत. या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. अजूनही बायकोच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं की ते त्या वस्तऱ्याचं, असं लहू समजून घेतो आणि जेवतो.

घाटकोपरचा अल्पेश नावाचा सलूनवाला, त्याने काचेच्या पेटीत एक वस्तरा ठेवून खाली ‘सन १८२०’ अशी पितळी पाटी लावली होती. लहू केस कापायला गेला आणि मानेभोवती कापड बांधलेल्या अवस्थेत, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला की मूठ बॅकेलाइटची, म्हणजे विसाव्या शतकातल्या प्लॅस्टिकची आहे, घासून बघा, कार्बोलिकचा वास येईल. तेव्हापासून तो केस दुसरीकडे कापतो. पण अल्पेश मनाचा मोठा. त्याने पाटी काढली आणि लहूचा नंबर जपून ठेवला. पुढचं सगळं त्या नंबरमुळे झालं.

पुढचं सांगण्याआधी एक सांगायला हवं. शेकडो वस्तरे हाताखालून गेले, पण लहूला जो पाहिजे होता तो कधी आलाच नव्हता. शेपूट नसलेला वस्तरा. साधारण अठराशे सालाच्या आधी घडवलेल्या वस्तऱ्यांना शेपूट नसते, असलीच तर नखाएवढी. कॅटलॉगमधल्या एका चित्रात त्याने तो बघितला होता. ते चित्र त्याने कापून पाकिटात ठेवलं होतं, जिथे लोक देवाचे फोटो ठेवतात. एकदा तरी हातात धरायला मिळावा, एवढंच त्याचं मागणं. माणूस अडुसष्ट वर्षांचा, गुडघ्यांची वाट लागलेली, आणि इच्छा काय तर शेपूट नसलेला वस्तरा. मी हसायचो. पण खरं सांगायचं तर मला त्याचा हेवाही वाटायचा. मला असं काही हवंसं वाटून बरीच वर्षं झाली होती.

गेल्या जूनमध्ये विकी नावाच्या एका मुलाचा फोन आला. तो कुठल्याशा ऐतिहासिक मालिकेच्या सेटचं सामान जमवायचा. शूटिंग मढला, एका भाड्याच्या बंगल्यात. गोष्ट सन सतराशे नव्वदची, इंग्रज अधिकाऱ्याची दाढी होतानाच त्याचा काटा काढतात असा प्रसंग, आणि वस्तरा अगदी जवळून दिसणार. अल्पेशने सांगितलं होतं की मुलुंडला एक काका आहेत. लहूने इस्त्रीचा शर्ट घातला. मला बरोबर घेतलं, कारण बघायला कुणीतरी लागतंच. घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा आणि तिथून फेरीबोटीने पलीकडे.

बंगल्यात विकीने वस्तरा दाखवला. लांब शेपूट, पांढरी सेल्युलॉइडची मूठ आणि पात्यावर ठसठशीत ‘जर्मनी’. लहूने सांगितलं की हा वस्तरा तुमच्या साहेबाच्या खुनानंतर सव्वाशे वर्षांनी जन्माला यायचा आहे. विकी पोरगा चांगला होता. त्याने काकांना खुर्ची दिली, जेवून जायचा आग्रह केला आणि तोच वस्तरा शूटिंगला पाठवून दिला. पब्लिकला शेपूट दिसत नाही, म्हणाला. लहू उठून सरळ बाहेर पडला. मी मागोमाग. जेवणात सुरमई होती, हे मला वास आल्यामुळे माहीत होतं.

बंगल्याच्या मागेच कोळीवाडा. मासेमारी बंद असण्याचे दिवस, त्यामुळे होड्या वर ओढलेल्या, ताडपत्र्या घातलेल्या, आणि घराघरांच्या ओट्यांवर जाळी दुरुस्त करायचं काम चाललेलं. एका ओट्यावर सत्तरीची एक बाई मांडीवर हिरवं जाळं घेऊन बसली होती. फाटक्या जागी नवा दोरा भरायचा, गाठ मारायची, उरलेलं टोक कापायचं. कापायला तिच्या हातात काहीतरी काळं होतं. ते बघून लहू थांबला. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली. तसा त्याचा चेहराच झाला होता.

त्या बाईचं नाव कमळबाय. आपल्या हाताकडे टक लावून बघणारा परका म्हातारा तिला अर्थातच आवडला नाही. काय पाहिजे म्हणून तिने दरडावलं. लहूने हात जोडले आणि ते कापायचं जरा बघायला मिळेल का, म्हणून विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. याच्याबरोबर येणाराही याच्यासारखाच असणार, असं तिला वाटलं असावं. पण दिलं.

लहू खाली जमिनीवर बसला. गुडघे विसरून बसला. मी वाकून बघितलं तर मला त्यात काही विशेष दिसलं नाही. काळंकुट्ट जाड पातं, एका बाजूने तडकलेली शिंगाची मूठ, वर माशाचा वास. आणि मागे शेपूट नव्हती. नखाएवढा एक खुंट होता. त्याच्या पुढे, अंगठा टेकतो तिथे, लहूने लाळेने बोट ओलं करून पुसलं, तेव्हा एक छोटा मुकुट दिसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन अक्षरं. इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातला शिक्का. देशाचं नाव नाही. पंधरा मिनिटं तो वस्तरा उलटापालटा करत राहिला. तेवढ्यात कमळबायने मला चहा दिला आणि तुझ्या दोस्ताला उठवायला दोन माणसं लागतील, असंही सांगितलं.

वस्तरा तिच्या सासूच्या सासूच्या हातात होता, त्याआधी कुणाच्या ते कुणालाच ठाऊक नाही. घरात कुणी त्याबद्दल गोष्ट सांगत नव्हतं. धार चांगली म्हणून जाळ्याच्या कामाला लावलेला, बस्स. खाऱ्या हवेत गंजला कसा नाही, असं लहूने विचारलं, तेव्हा तिने ओट्याच्या कोपऱ्यातला डबा दाखवला. मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या काळजाचं तेल. पूर्वी होड्यांच्या लाकडाला चोपडायचे ते. काम झालं की वस्तरा त्यात बुडवायचा, एवढंच तिला सासूने शिकवलं होतं. मग तिने लहूचं तोंड बघितलं आणि आपणहून म्हणाली, एवढा जीव जडला असेल तर घेऊन जा, नाहीतरी मूठ तुटलेलीच आहे, फक्त मला कापायला दुसरं काहीतरी धारेचं आणून दे.

परत येताना बोटीत लहू आपल्या तळव्यावर बोटाने तो मुकुट काढत होता. मी त्याला सरळ सांगितलं, की आता शहाणपणा करू नकोस. तिने वय विचारलेलं नाही. विचारलेलं नाही ते सांगायचं नाही, यात खोटं काही नाही. सुरी द्यायची, वस्तरा घ्यायचा, घरी यायचं. आयुष्यभर लोकांच्या आजोबांची वाट लावलीस, आता एकदा तोंड बंद ठेव. नवल म्हणजे तो हो म्हणाला.

आठ दिवस खपून त्याने सुरी बनवली. यांत्रिक करवतीचं जुनं पातं होतं त्याच्याकडे, कंपनीतलं. तसल्या पोलादाच्या सुऱ्या टूलरूमवाले एकमेकांच्या लग्नात द्यायचे. बाल्कनीत बसून त्याने ते हाताने घासून काढलं, शिसवी मूठ बसवली. खरंच झकास सुरी झाली. मी सांगतो, ती सुरी त्या वस्तऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं कापत होती. म्हणजे व्यवहारात कुणाचं काहीच नुकसान नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही मढला गेलो. कमळबायने सुरी दोऱ्यावर चालवून बघितली, अंगठ्यावर धार बघितली, शेजारणीला हाक मारून दाखवली. मग आत जाऊन वस्तरा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि लहूच्या हातात ठेवला. वय विचारलं नाही. नमस्कारचमत्कार झाले, आम्ही निघालो. धक्क्यावर आलो, बोट लागलेली होती, माझा एक पाय बोटीत होता.

लहू मागे फिरला.

मी बोटीतून उतरलो आणि त्याच्या मागे जाताना त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तो ऐकतही नव्हता. ओट्यापाशी जाऊन उभा राहिला, कागद उलगडला आणि तिला सगळं सांगितलं. हा वस्तरा दोनशे तीस वर्षांचा आहे, कदाचित चाळीस. विलायतेत घडवलेला. असा मुंबईत दुसरा कुणाकडे असेल असं त्याला वाटत नाही, त्याने जन्मात बघितलेला नाही. सुरीच्या बदल्यात तो घेणं म्हणजे तिला फसवणं होईल. मग त्याने मुकुट दाखवला, अक्षरं दाखवली, नसलेली शेपूटही दाखवली.

कमळबायने सुरी खाली ठेवली. मग तिने वस्तरा त्याच्या हातातून घेतला.

“मंग यो घरात ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली.

बरोबरच होतं तिचं. ती सुरी परत द्यायला लागली, ती लहूने घेतली नाही. नीट सांभाळा म्हणाला, पाणी लावू नका म्हणाला, काही लागलं तर म्हणून नाव आणि नंबर लिहून दिला, आणि आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. मेट्रोत मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खिडकीतून बघण्यासारखं काही नसताना तो खिडकीतून बघत होता. मला त्याचा राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, आणि या दोन गोष्टी एकदम येतात तेव्हा माणूस गप्प बसतो.

जुलै गेला. लहूकडे दोघं-तिघं वस्तरे घेऊन आले, त्याने सगळ्यांची मनं मोडली, म्हणजे तब्येत ठीक होती. पाकिटातलं चित्र त्याने काढून टाकलं होतं. आता बघितलाय ना, मग कशाला, असं मला म्हणाला. ऑगस्टमध्ये कमळबायचा मुलगा नितेश याचा फोन आला. नारळी पौर्णिमेला दोघांनी यायचंच, आईने सांगितलंय, नाही म्हणायचं नाही.

गेलो. कोळीवाड्यात होड्या रंगवून पताका लावून उभ्या, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत आणि अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं घालून. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ मिरवत नेऊन समुद्राला अर्पण केला. त्यानंतर कमळबायने आम्हाला घरी नेलं. घरात पंधरा-वीस माणसं. लहूला पाटावर बसवलं, नारळ दिला, खांद्यावर शाल घातली. मग नितेशने आतून निळ्या मखमलीची एक डबी आणली, दागिन्यांची असते तशी, आणि ती आईच्या हातात दिली. कमळबायने ती लहूच्या ओंजळीत ठेवली.

“तू धक्क्यावरना मागं फिरलास,” ती म्हणाली. “इथं येतान ते न्यायलाच येतान. सांगायला कोन येतंय? यो तुजा हाय.”

लहूने डबी उघडली. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. वस्तरा लखलखत होता. पात्याला सोन्याचं पाणी दिलेलं. मूठ नवी, दुधी रंगाची, मोत्यासारखी चमकणारी, शिंगाची तुटकी मूठ काढून टाकलेली. आणि जिथे अंगठा टेकतो, जिथे तो मुकुट आणि ती दोन अक्षरं होती, तिथे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात तशा ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलं होतं: श्री. लहू धुरी यांस सप्रेम भेट. खाली नारळी पौर्णिमा आणि यंदाचं साल.

आपल्याकडे कुणाला काही द्यायचं म्हणजे त्यावर नाव घालून द्यायचं. पेला असो, पातेलं असो. नाव नसलेली भेट म्हणजे उरलेली वस्तू उचलून दिल्यासारखी. आणि इतकी काळी, मासळीचा वास येणारी वस्तू पाहुण्याच्या हातात तशीच कशी ठेवायची? नितेश अभिमानाने सांगत होता. मालाडला ओळखीचा पॉलिशवाला आहे, त्याने पातं तापून निळं पडेपर्यंत बफिंग मारलं. मागच्या बाजूला काहीतरी खरवडलेलं होतं, खोल होतं, ते काही केल्या जाईना, शेवटी यंत्रावर दोनदा धरलं तेव्हा गेलं आणि नावाला जागा सपाट झाली. आईने सोन्यासाठी आपल्या कानातली एक जोडी मोडली.

टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला पातं निळं पडलं म्हणजे काय झालं, हे सांगावं लागत नाही. पोलाद मेलं. त्याला आता धार राहणार नव्हती. शिक्का गेला होता, मूठ गेली होती, सव्वादोनशे वर्षं माशाच्या तेलाने राखलेला तो काळा रंगही गेला होता. आणि पंधरा-वीस माणसं लहूच्या तोंडाकडे बघत होती. कमळबाय सगळ्यांत जवळून बघत होती. तिच्या कानात फक्त काड्या होत्या.

“आदीपरीस बरा झाला ना?” तिने विचारलं. “तू खरा सांगतंस म्हनून इचारतंय.”

मी डोळे मिटून घेतले. सासऱ्यांना न सोडणारा हा माणूस, चार गिऱ्हाइकांसमोर अल्पेशची पाटी उतरवणारा. आता हा शिक्क्यापासून सुरुवात करणार आणि बफिंगवर थांबणार, हे मला दिसत होतं. नितेश उभ्याचा खाली बसणार होता. नारळी पौर्णिमेच्या दिवशी, खांद्यावर त्यांचीच शाल घेऊन, लहू त्या घराची मान खाली घालणार होता.

लहूने वस्तरा उघडला. शिक्का होता तिथे अंगठा टेकवला, आपल्याच नावावर. मग त्याने वस्तरा कपाळाला लावला.

“आधीपेक्षा कितीतरी बरा, कमळबाय,” तो म्हणाला. “मी एवढा चांगला वस्तरा बघितलेला नाही.”

आवाज अजिबात हलला नाही. कमळबाय हसली आणि तिने पदराने डोळे पुसले. मग भाकऱ्या आल्या, कोलंबीचं कालवण आलं, लहू दोनदा मागून जेवला. पॉलिशवाल्याचा नंबरसुद्धा त्याने नितेशकडून घेतला, लागला तर असावा म्हणून.

परतीच्या बोटीत आम्ही शेजारी बसलो. डबी त्याच्या मांडीवर, दोन्ही हात डबीवर. अर्धी खाडी ओलांडली आणि मला राहवेना. म्हटलं, “खोटं बोलायचंच होतं लहू, तर जूनमध्ये नुसता गप्प बसला असतास तरी चाललं असतं. आज खरा वस्तरा तुझ्याकडे असता.”

त्याने माझ्याकडे बघितलं. रडत होता, आणि ते लपवतही नव्हता.

“तेव्हा गप्प बसलो असतो तर माझ्यासाठी बसलो असतो रे बाळा,” तो म्हणाला, आणि वर्सोव्याचा धक्का आला म्हणून शालीने तोंड पुसून उठला.